मंगळावरची गिरजी

रशियाचा उपग्रह आकाशात गेला त्या वर्षी, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, चांद्याच्या आमच्या साप्ताहिकातली मंगळप्रवासाची कथा लेखकाने अर्ध्यावर सोडली. कारण छापले गेले नाही.

लेखक नागभीड जंक्शनवर पार्सल बाबू होते. आम्हीही त्यांना बाबूच म्हणत असू. महिन्यातून एकदा छोट्या गाडीने येत, टोपी काढून टेबलावर ठेवत आणि टोपीतून चार प्रकरणे काढत. कसे आहात विचारले की उत्तर ठरलेले असे, "यान चालून राह्यलं, भाऊ."

कथा पाच-सहा वर्षे चालली, त्यामुळे चुका होणारच. कप्तानाचा डावा हात उल्कापातात तुटला होता. पुढे तोच कप्तान दोन्ही हातांनी भाकरी थापताना दिसला. संपलेला प्राणवायू तीन अंकांनी पुन्हा संपला. मूलचे एक मास्तर प्रत्येक चुकीवर पोस्टकार्ड टाकत. बाबू ते मोठ्याने वाचून हसत. "हात पुन्हा उगवला म्हणा नं. मंगळाची हवाच तशी हाय. मास्तरले म्हणा, तिकीट काढा अन् पाहून या."

एका चुकीवर मात्र ते हसले नाहीत.

यानावरच्या स्वयंपाक्याची मुलगी गिरजी. जुन्या वाचकांना ती आठवत असेल: समोरचा दात पडलेला, खिशात मोहाची फुले, प्रत्येक ग्रहावर "इथी चिंच हाय का?" विचारणारी. कथेतल्या प्रवासाला सात वर्षे झाली. कप्तानाची दाढी पांढरी झाली, यानावर दोन लग्ने लागली. गिरजी नऊ वर्षांचीच राहिली. दातही आला नाही.

मास्तरांचे कार्ड आले. मग धानोऱ्याहून आले, ब्रह्मपुरीहून आले. संपादकांनी बाबूंना समोर बसवले.

"बाबू, पोरीला वाढवा आता."

"बाकी सारं बदलवतो, भाऊ. तिले राहू द्या."

"पण का?"

बाबूंनी टोपी हातात घेतली. "मोठी कशी लिहू? नऊच्या पुढं तिले मी पाह्यलंच नाई. तापानं गेली."

त्यांच्या घरी नवरा-बायको दोघेच, एवढेच आम्हाला ठाऊक होते. मुलीचे नाव कोणी विचारले नव्हते. ते दर आठवड्याला आम्हीच छापत होतो.

संपादक म्हणाले, "बाबू, ती कथा आहे."

"म्हणूनच तं, भाऊ."

पुढच्या प्रकरणातही गिरजी नऊ वर्षांची होती. छपाईआधीच्या मुद्रितावर संपादकांनी स्वतःच्या हाताने एक वाक्य घातले: गिरजी आता सोळा वर्षांची झाली होती.

बाबू त्याच आठवड्यात आले, हातात तो अंक घेऊन. टोपी काढली नाही. त्या वाक्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "हे कोण हाय?"

कसे आहात, असे त्या दिवशी कोणी विचारले नाही. अंक टेबलावर ठेवून ते स्टेशनकडे गेले.

त्यानंतर प्रकरण आले नाही. महिन्याभराने कळले की त्यांनी गोंदियाकडे बदली मागून घेतली. कथा दुसऱ्या लेखकाने वर्षभर पुढे नेली. मास्तरांची कार्डे थांबली.

बाबूंना अंक टपालाने जात राहिला. नव्या पत्त्यावरून तो दर वेळी परत येई. शेवटचा परत आला तो गिरजीच्या लग्नाचा अंक. त्याची टपालाची कागदी पट्टी फोडलेली नव्हती.