मोटारीच्या डब्यात अक्षता, लेकराच्या नाकात हरभरा

लेकरानं नाकात हरभरा घातला आन् माझं भाकरीचं पीठ परातीतच राहिलं. गावच्या सुईणीनं नाकात डोकावून मान हालवली. म्हणाली, "लई आत गेलाय. भिजून फुगला तर दम कोंडंल. सोलापूरला डाक्टरकडं न्या, जल्दी." मला तर घाम फुटला! लेकरू मात्र मजेत, एका नाकपुडीनं सूं सूं करत हसतंय.

लेकराचे बाप एका आडत्याची जुनी लारी चालवायचे, मागं उघडी, पोती न्यायची. तिच्यातच बसलो. ते, मधी मी आन् लेकरू, कडंला सासूबाई. वाटंत तामलवाडी गाव आलं न् लारी खोकली, थुंकली, हुबीच राहिली. हॉर्न दाबला तर शेळीच्या करडावानी बें केलं.

"आता वं?" मी रडायच्या बेतात.

"थांब गं, बघू दे." ह्यांनी लारीचं झाकण उचललं, तारा चाचपल्या. "बॅटरी उतरली. डायनामो वीज करतोय, पर ती बॅटरीला पोचंना. म्हंजी कटआउट गेलं."

कटआउट म्हंजी काळा डबा, मुठीत मावंल येवढा. आत दोन टिकल्या असत्यात, त्या टेकल्या की वीज पुढं जाती. ह्यांनी डब्याचं टोपण काढलं आन् बघतच राहिले. आत हळद, कुंकू, आन् टिकल्यांच्या मधी तांदळाचा दाणा! टिकल्या बी वाकलेल्या, गंजलेल्या.

"आये, दसऱ्याला हिची पूजा कुणी केली?"

"म्याच की. वरवर कशाला करायची? एकेक टोपण उघडून अक्षता वाह्यल्या." सासूबाई ठसक्यात. "देव आतच असतोय न्हवं का?"

"देवाच्या नाकात दाणा घातलास व्हय! नातू तुझ्यावरच गेलाय, आये."

मला हसू फुटलं. भ्यालेलं हसू, थांबंचना.

तवा मोठी लढाई पेटलेली, त्यापायी नवा डबा शहरात बी मिळत नव्हता, तामलवाडीत कुठला मिळायचा? पर लारीभोवती माणसं जमलेली, त्यातली एक म्हातारी म्हणाली, "आमच्या परड्यात एक मेलेली मोटार हाय, कोंबड्या राहत्यात तिच्यात. काय पायजे ते काढा. पर खुडूक कोंबडी उठवायची न्हाय, अंड्यावर बसलीया."

आन् कटआउट नेमकं त्या खुडकीच्या डोक्यावर! ह्यांनी हात घातला की टोच, हात घातला की टोच.

"बापयाचा हात वळखती ती," म्हातारी खिदळली.

मग सासूबाईंनी कोंबडीच्या डोळ्यावर पदर टाकला आन् बाळंतिणीवानी चुचकारलं, "बस गं माझी बाय, तुझं काय बी नेत न्हाय." तवर ह्यांनी स्क्रू फिरवून डबा काढला.

तिकडून लारीकडं पळालो, मागनं म्हातारी बी. लेकराचा श्वास आता घुरघुरत होता. "उरका वं, उरका!"

"अगं, साफ तर करू दे," म्हणत ह्यांनी टोपण काढून डब्यात जोरात फू केली. कैक वर्साची धूळ, कोंबड्यांची बारीक पिसं, समदं उडालं ते सरळ आमच्या तोंडावर. लेकरानं डोळं मिटलं, तोंड वासलं, आन् असं शिंकलं, असं शिंकलं की टप्! हरभरा लारीच्या पत्र्यावर वाजला. चांगला टपोरा, मोड यायच्या बेतात.

"अगं बया," म्हातारी म्हणाली, "पेरायचा व्हता का काय!"

मी हसत हसत रस्त्यातच फतकल मारून बसले.

डबा बसवला. बॅटरीत धुगधुगी होती. तामलवाडीकरांनी लारी ढकलली, तशी ती भुर्रर सुरू झाली. हॉर्न तर असा वाजला की खुडूक बी उठली असंल.

"चला, घरी," हे म्हणाले.

"न्हाय, सोलापूरला! दुसऱ्या नाकपुडीत असला तर?"

"अगं, एकच घातला व्हता की."

"तुमी बघितलं व्हतं का घालताना?"

ह्यांनी गाडी सोलापूरच्या वाटंला लावली.

डाक्टरनं पयली नाकपुडी बघितली, साफ. दुसऱ्या नाकपुडीत चिमटा घातला आन् हळूच काहीतरी वढलं. कोंबडीचं पीस, पांढरंशुभ्र!

"बाई, तुम्ही हरभरा म्हणालात ना?"

मी ह्यांच्याकडं बघंना, हे माझ्याकडं बघंनात. सासूबाई मात्र पदर सावरून पुढं झाल्या. "सायेब, नीट बघा. आत अंडं तर न्हाय न्हवं?"