चिकटवलेलं पान

बालवाडीतल्या त्या बाईंना सगळे तिखट बाई म्हणत, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. "गोड बोलणाऱ्या पुष्कळ आहेत, एखादी तिखट असू द्या," म्हणत त्या चष्मा पुसायच्या. राग नाकावर असायचा खरा, पण तो मोठ्या माणसांसाठी राखून ठेवलेला. पोरांसमोर मांडी घालून चित्रांचं पुस्तक उघडलं की त्याच बाई लोण्याहून मऊ व्हायच्या. वाचायची रीतही त्यांची स्वतःची. पान उलटण्याआधी थांबायचं आणि विचारायचं, "हिला आता काय वाटत असेल रे?" शाळेला घाबरलेलं पोर स्वतःबद्दल चकार शब्द काढत नाही, चित्रातल्या मुलीबद्दल मात्र घडाघडा बोलतं.

त्या वर्षी चिमणी आली. चणीनं लहान म्हणून चिमणी, पण फाटकाचे गज धरले की दोघी बायांना मिळूनही सोडवता यायची नाही. तिची आई इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला, घरी सांभाळायला दुसरं कुणी नाही. बालवाडीच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी आईला बजावलं, "शनिवारपर्यंत रुळली नाही तर घेऊन जा. जागेसाठी रांग लागलीय." पोर घरी बसलं तर आईचं कामही सुटणार होतं. ती बिचारी पदर खोचून कामावर पळाली.

तिखट बाईंनी कपाटातून शाळेच्या पहिल्या दिवसाचं पुस्तक काढलं. मधलं पान हाताला जाड लागलं. गोष्टीतली मुलगी वर्गाच्या कोपऱ्यात रडत बसते, नेमकी तीच पानं डिंकानं एकमेकांना चिकटवलेली.

"मीच चिकटवली," मोठ्या बाई म्हणाल्या. "ते बघून न रडणारी पोरंही गळा काढतील. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, मोठ्या बाई. मी ते पान उघडणार."

"माझ्या बालवाडीत नाही!"

"मग या ना बघायला. वर्गातच उघडते."

बोलल्याप्रमाणे त्यांनी पोरांना भोवती बसवलं आणि पानांच्या मध्ये पट्टी घातली. पण रागाच्या भरात हात जोरात चालला. टर्रकन पान फाटलं आणि चित्रातल्या मुलीचा चेहराच गेला.

"बाईंनी पुस्तक फाडलं!" पोरं ओरडली.

"फाडलं खरं. घाई नडली. आता तुम्हीच सांगा, तोंड कसं होतं हिचं?"

पोरं फाटक्या पानावर वाकली. तेवढ्यात दाराला चिकटून उभी असलेली चिमणी म्हणाली, "रडतेय ती."

"का गं?"

"तिची आई येणारच नाही."

"असं कोण म्हणालं?"

"मोठ्या बाई. म्हणाल्या, रडलीस तर आईला सांगीन, हिला न्यायला येऊच नको."

मोठ्या बाई तिच्या मागेच उभ्या होत्या. तिखट बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या उठल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. पोरांची एक बुटकी खुर्ची त्यांनी पुढे सरकवली.

"बसा. आणि हिला खरं काय ते सांगा."

"अहो, तसं बोलतोच की आपण. पोरं गप्प बसावीत म्हणून."

"आपण नाही. तुम्ही. सांगा तिला."

सगळी पोरं टकामका बघत होती. मोठ्या बाई कशाबशा त्या खुर्चीत टेकल्या आणि पुटपुटल्या, "येते गं आई."

चिमणी दारापासून सुटली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मोठ्यानं सांगा."

"येते! तू रडलीस तरी येते!" मोठ्या बाई ओरडल्या, तेव्हा कुठे चिमणी पोरांमध्ये जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ती फाटकापाशी भोकाड पसरूनच आली, आणि भोकाड पसरूनच, पण गज न धरता, आत गेली. शनिवारी तिच्या जागेचा विषय मोठ्या बाईंनी काढला नाही. काढून तर बघायचा होता, गाठ तिखट बाईंशी होती.