चार मिलिमीटरची फट

सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये मी तपासणीचं काम करते. उरलेल्या वेळात पत्रकं लिहिते. हातमोजे न देणाऱ्या ठेकेदारांवर, बंद पडलेल्या पंख्यांवर आणि कागद न वाचता सह्या ठोकणाऱ्या साहेबांवर तर फारच आवडीने.

मागे आमच्याकडे एका डिस्टिलरीची उभी टाकी होती. अशी टाकी स्कर्टवर उभी राहते. स्कर्ट म्हणजे तिच्या बशीसारख्या फुगीर बुडाला, डिशला, बाहेरून बिलगून खाली उतरणारा जाड पत्र्याचा घेर. टाकीचं वजन, आतला माल, वाऱ्याने ती कलंडू बघते तो ताण, सगळं डिश आणि स्कर्टच्या मधल्या एका वेल्डमधून जमिनीत जातं. कोपऱ्यात भरलेला तिकोनी वेल्ड, त्याला फिलेट म्हणतात. त्या तिकोनाची बाजू म्हणजे लेग. ड्रॉइंगवर लेग दहा मिलिमीटर होता. मी स्वतः गणित करून पाहिलं होतं, दहा पुरून उरत होता.

वेल्ड मोजायचा गेज लावला तर सगळीकडे दहा, पण एका बाजूला दोन हात लांबीत चौदा, कुठे पंधरा. माझं डोकंच फिरलं. जाड म्हणजे मजबूत, ही समजूत मी कितीदा फळ्यावर आकृती काढून खोडली होती! जास्त भरलं की जास्त उष्णता, पत्रा ओढला जातो, डिशला उगाच झळ. मी रिपोर्टात लिहिलं, ‘वेल्ड असमान व जादा. वेल्डरचा मनमानी कारभार.’ मनमानी कारभार हे शब्द पत्रकातून हाताला चिकटलेले. रिपोर्टात त्यांचं काही काम नव्हतं.

वेल्डर देवळाली प्रवराकडचे, पन्नाशीचे. गावाकडे भाऊ ऊस बघतो, हे सुप्यात खोली करून राहतात. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही. ठेकेदाराने रिपोर्ट वाचला आणि मामांचं वेल्डरचं कार्ड काढून घेतलं. “उद्यापासून येऊ नका.” कार्ड नसलं की दुसऱ्या शॉपमध्येही कोणी उभं करत नाही.

मामा हेल्मेट पिशवीत भरत होते. मला वाटलं, भांडतील.

“ताई, फिटअपला हुता का तुमी?”

“सही आहे ना माझी.”

“सही दिसली मला. तुमी न्हाई दिसल्या.”

वेल्डिंगच्या आधी दोन्ही भाग टाके मारून जुळवतात, तो फिटअप. तो बघायचा, फटी मोजायच्या, मग सही करायची. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गेटवर पत्रकं वाटत होते. सुट्टी संपली तरी रेंगाळले. परत आले तेव्हा फिटरने कागद पुढे केला. फटीच्या रकान्यात शून्य होतं. मी सही केली.

मामा गेल्यावर मी बॅटरी घेऊन निघाले. टाकी अजून रोलरवर आडवीच होती, स्कर्टच्या उघड्या तोंडातून वाकून आत शिरले. बाहेरून जे वेल्डने झाकलं होतं ते आतून उघडं होतं. वेल्ड जिथे जाड, नेमका तिथेच स्कर्ट डिशला टेकलेला नव्हता. रोल होताना घेर किंचित लंबगोल झाला असणार. फटीत फीलर गेजची पाती एकावर एक सरकवत गेले. चार मिलिमीटर भरले. शेजारी पत्र्यावर खडूने लिहिलेलं, ‘गॅप ४, लेग १४.’

नियमच आहे तो. फट दीड मिलिमीटरच्या वर गेली की जेवढी फट तेवढा लेग वाढवायचा. मामांनी दहाच भरले असते तर माझा गेज खूश झाला असता, आणि कामाचे उरले असते सहा. ज्याला मी मनमानी म्हटलं तेच त्या टाकीवरचं सगळ्यात काटेकोर काम होतं.

मी सुपरवायझरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “अगं, सुधारित रिपोर्ट दे. ‘गॅप आढळला, वेल्ड योग्य.’ मिटलं. तुझ्या सहीचं कशाला उकरतेस?”

“फिटअपच्या कागदावर शून्य आहे. ठेकेदार म्हणेल, मामांनी खडू मागाहून मारला.”

“मग तुलाच घरी बसवतील, बघ.”

पत्रकात मी नेहमी ‘आम्ही’ लिहिते. ‘आम्ही’त कोणा एकाचं नाव येत नाही. इथे ‘मी’ लिहायचं होतं. पहिल्या खर्ड्यात ‘कामाच्या ताणामुळे’ आलं. कसला ताण? मी गेटवर गप्पा मारत होते. खोडलं. दुसऱ्यात फिटरचा उल्लेख आला, तोही खोडला. शेवटी एवढंच उरलं, ‘फिटअप मी पाहिला नाही. न पाहता सही केली. वेल्ड बरोबर आहे, माझा रिपोर्ट चूक आहे.’

मला लेखी ताकीद मिळाली. मामांचं कार्ड चौथ्या दिवशी परत आलं. ते आले तसं मी पुढे होऊन माफी मागितली.

“माफी ऱ्हाऊ द्या,” मामा म्हणाले. “अकराला पुढच्या स्कर्टचा फिटअप हाय. येताय, का कागद टेबलावरच धाडू?”

बाजूचे सगळे हसले. मी पावणेअकराला जाऊन उभी राहिले. मामा आत बॅटरी मारत होते.

“हितं दोन हाय,” ते आतून ओरडले.

मी आत शिरले, पाती सरकवली, पुन्हा एकदा सरकवली.

“दोन नाही मामा, अडीच.”

त्यांनी वाकून पाहिलं. “व्हय की. अडीच लिवा मग.”