फोनवरचं मत

"त्या झाडूवाल्याची पोरगी ना? खेळते बरी. पण सत्काराच्या जेवणाला आपल्या शेजारी बसवायची का तिला? माझं मत दुसऱ्या नावाला. लिहा, ताई."

ताई म्हणजे मी. झाडूवाल्याची पोरगी पण मीच.

पलीकडं सोलापूरचे जुने कोच होते. त्यांच्या मैदानावर माझा बाप झाडू मारायचा, तिथंच मी कबड्डी शिकले. त्यांचा आवाज मी पहिल्या शब्दाला ओळखला. त्यांनी माझा नाही ओळखला.

दोन हजार दोन-तीन साल असेल. नोकरी खेळावर लागली, पण चेन्नईच्या ऑफिसात मी टपालाची बाई. त्या वर्षी खात्याच्या क्रीडा पुरस्काराचं काम आमच्याकडं आलेलं. निवड करणाऱ्या पंचांना मतपत्रिका पोस्टानं जायच्या, बंद पाकिटात परत यायच्या. ज्याचं पाकीट पोचलं नाही, त्याचं मत फोनवर घ्यायचं. छापील चिठ्ठीवर शब्दन् शब्द उतरवायचं, वाचून दाखवायचं, खाली सही करायची. पंचांतले हे कोच मराठी, म्हणून साहेबांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. पुरस्काराच्या यादीत माझं नाव आहे, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

मी दुसऱ्या बाईचं नाव लिहिलं. माझ्याच हातानं. सहीपाशी पेन अडलं. बाप डोळ्यापुढं आला, मैदानाच्या कडेला चपला हातात घेऊन उभा. लाज वाटली, मग लाजेचाच राग आला.

शब्दन् शब्द म्हणजे शब्दन् शब्द. झाडूवाला, जेवण, शेजारी, सगळं लिहिलं.

"वाचून दाखवते, सर."

वाचलं.

"अहो, ते लिहायचं नसतं."

"नियम आहे, सर. मत घेणारीचं नावही सांगायचं असतं." मी माझं नाव सांगितलं. बापाचंही.

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग फोन ठेवल्याचा आवाज.

साहेबांनी मराठीचा अर्थ विचारला. मी सांगितला. ते म्हणाले, "बाकीच्या ओळी खोडून टाका, अम्मा. मत तेवढं राहू द्या."

"मी खोडणार नाही."

त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली, स्वतः सही केली. पुरस्कार एका मतानं गेला.

तो श्वास अजून माझ्या कानात आहे. भांडी घासताना येतो, चेन्नईजवळच्या कोवलमच्या बसमध्ये येतो. फोन वाजला की हात आधी पेन शोधतो.

शोधू दे. माझ्यापुढं कुणी तसं बोललं, की मी त्याच्यादेखत लिहून घेते. मग त्याच्या नावासकट मोठ्यानं वाचते. आणि खोडत नाही.