सायक्लोमीटर आणि भाच्याची अंगठी

भाच्याच्या साखरपुड्याची अंगठी भलत्याच मुलीच्या बोटात गेली, त्याला सायक्लोमीटर जबाबदार आहे. मी नाही.

(हा शब्द ऐकला की माझी मुलगी हसते. "बाबा, सायक्लोमीटर म्हणणारं तुमच्याशिवाय आता कुणी शिल्लक नाय!") रिटायर झाल्यावर मी सायकल घेतली आणि जुन्या सामानाच्या दुकानातून हे रत्न शोधून काढलं. पुढच्या चाकाच्या तारेला खिळी बसवायची. चाक फिरलं की ती मीटरला टक् करते आणि किलोमीटरचे आकडे सरकतात. ना बॅटरी, ना नेट! सिडकोतल्या आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी मी आकडा जाहीर करायचो आणि माझ्याहून तरुण माणसं मान खाली घालून घरात जायची.

तर भाचा नीलेश, त्याचा साखरपुडा. मंडळी जीपनं सकाळीच निघणार होती आणि अंगठी अजून सोनाराकडंच. म्हटलं, मी घेऊन येतो, सायकलवर! दाजी, म्हणजे नीलेशचे वडील, पत्ता सांगू लागले.

"लॉन्सचं नाव—"

"नाव नको दाजी, सगळी सारखीच असतात. आकडा सांगा!"

"सोळा किलोमीटर. जालना रोडनं, डाव्या हाताला. करमाडच्या—"

"बास!" मी म्हणालो. बायको फोनवरचा नकाशा दाखवत होती, तिच्याकडं मी नुसतं दयेनं पाहिलं.

मीटरवर सोळा झाले तेव्हा मला साधा दमही लागला नव्हता. वाटेतलं शेंद्रा कधी मागं पडलं, कळलंसुद्धा नाही! (आपली तब्येत बघून आपल्यालाच भरून यावं, असे क्षण थोडे.) डाव्या हाताला लॉन्स होतंच. (जालना रोडला कुठंही थांबा, असतंच.) दारात नावांची पाटी होती, पण सायकलवर मी चष्मा खिशात ठेवतो. एकही चेहरा ओळखीचा नव्हता. पण मुलीकडच्यांना मी कधी पाहिलंच नव्हतं, आणि आमची मंडळी जीपमध्ये बसली तरी वेळेवर पोहोचत नाहीत.

"जय भीम! मी मुलाचा मामा!"

"जय भीम, जय भीम! या मामा," मुलीचे वडील धावले. "एकलेच?"

"बाकीचे येतेत मागनं, गाडीत. मी सायकलवर आलो!"

मग काय विचारता! मानाची खुर्ची, पोहे, पुन्हा पोहे. मुलीची मावशी म्हणाली, "मामा, अंगठी तर दाखवा!" मी ऐटीत डबी उघडली. मावशीनं ती घेऊन सरळ मुलीच्या बोटात सरकवली.

"लई घट्ट हाय ओ!"

"मापाचीच आहे," मी अधिकारानं सांगितलं.

तेवढ्यात बायकोचा फोन. "अहो, कुठं हायेत? सगळे तुमच्यासाठी थांबलेत!"

"मी येऊन दोन प्लेट पोहे झाले! तुम्ही कुठं?"

"आम्ही स्टेजसमोर!"

"मी बी स्टेजसमोरच! हात वर कर."

"केला."

"दिसत नाय!"

मी चष्मा लावला. दारातून पन्नासेक माणसं आत येत होती. पुढं एक धिप्पाड गृहस्थ, हातात लाल डबी. "जय भीम! मी मुलाचा मामा!"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मुलीनं बोटाकडं पाहिलं.

"आमचा नीलेश..." मी चाचरलो.

"कोण नीलेश?" नवरा मुलगा मागून ओरडला.

आणि अंगठी निघेना! साबण झाला, भांड्याची पावडर झाली. मावशीनं एवढ्या जोरात ओढली की मुलगी रडायला लागली. तेव्हा मात्र मला मनापासून लाज वाटली. इथं एक पोर माझ्यामुळं रडत होती आणि तिकडं दुसरी नटूनथटून बिनाअंगठीची बसली होती. शेवटी धिप्पाड मामांनी बर्फ मागवला, आचाऱ्याकडून वाटीभर तेल आणलं आणि हळूहळू फिरवत अंगठी सोडवली. मुलगी आधी हसली, मग नवरा, मग सगळं लॉन्स.

त्यांनी मला मंडपवाल्याच्या टेंपोत बसवलं. खाली खुर्च्या, खुर्च्यांवर सायकल, सायकल धरून मी. थोड्या वेळानं रस्त्यात शेंद्रा आलं. मी तोंड फिरवलं.

तिकडं नीलेशची वंदना खोळंबली होती. मी धापा टाकत डबी दिली. तेलानं माखलेली अंगठी सुर्रकन बोटात गेली आणि टाळ्या पडल्या. भाच्याचं काम झालं, माझा जीव भांड्यात पडला!

बायकोनं मात्र सायकलचं चाक उचलून फिरवलं. "एका फेरीला दोनदा टक् कसं वाजतं हो?"

"दोन खिळ्या आहेत."

"दोन कशाला?"

"पाकिटात दोन होत्या. एक पडली तर दुसरी असावी, म्हणून दोन्ही लावल्या."

"म्हणजे बाबा, तुमचे रोजचे वीस किलोमीटर..." मुलगी गल्लीतल्या झाडून सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली, "दहाच!"

आता दोन्ही लग्नं जवळ आलीत. त्या मंडळींनी मला मानाचा मामा म्हणून आग्रहाचं आमंत्रण दिलंय. घरच्यांनीही बोलावलंय, फक्त मला तिथवर धरून आणायला दोन माणसं नेमलीत. एक पडला तर दुसरा असावा, म्हणून.