नानांच्या हातांवरचा डिंक

मंडळी, आज काही सुचत नाहीये.

माझे सासरे, नाना, शहाद्याजवळच्या आमच्या मळ्यात मधमाश्या पाळतात. माश्या पेटीच्या फटी चिकट डिंकाने बुजवतात, तोच प्रोपोलिस. गावात कुणाचं तोंड आलं, कुणाला कापलं, की नाना तो लावायला देतात.

उन्हाळ्यात त्यांच्याच हातांना फोड आले, तर ते रोज तोच डिंक चोळत राहिले. आज डॉक्टर म्हणाले, त्याचीच ॲलर्जी आहे. आता पेट्यांना हात लावायचा नाही.

"पन हाई तं औषध शे ना, बेटा?" नानांनी मला विचारलं.

घरी आल्यावर ते पेट्यांपासून लांब, बांधावर जाऊन बसले. एक माशी त्यांच्या बाहीवर येऊन बसली. ती उडेपर्यंत त्यांनी हात हलवला नाही.

"नाना, झटका तिला," असं मला म्हणवलं नाही. तुम्हाला म्हणवलं असतं?