डावं चाक

पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा करपट वास आला की मला जळगावचे ते म्हातारे मिस्त्री आठवतात. त्यांच्याकडे चाकांची अलाइनमेंट करूनही माझी गाडी डावीकडेच ओढत होती, म्हणून दुसऱ्या दिवशी जाऊन मी सगळ्या गिऱ्हाइकांदेखत त्यांच्यावर तोंडसुख घेतलं. त्यांनी पुन्हा मशीन लावलं, माप बरोबर निघालं. "भाऊ, थोडं चालवून चाकांजवळ हात नेऊन बघा. डावं जास्त तापलं, तर ब्रेक चिकटतोय," ते म्हणाले. मला ती पळवाट वाटली. तसाच धुळ्याला निघालो, तर पारोळ्याच्या अलीकडे हाच वास आला. भर उन्हात उतरून बघितलं, उजवं चाक कोमट होतं आणि डाव्याजवळ हात ठरत नव्हता. धुळ्यात ब्रेक मोकळा करून घेतला आणि गाडी सरळ धावू लागली. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "भाऊ, चाक तापलं का?" कमीपणा नको म्हणून मी "नाही" म्हणालो. चूक स्वतःवर घेत ते अहिराणीत म्हणाले, "मग मन्हंच चुकनं व्हई, भाऊ. या, परत करी देसू." गाडी लावली की आजही माझा हात आधी डाव्या चाकाजवळ जातो, त्यांना फोन मात्र मी कधीच लावला नाही.